नवोदित विज्ञानकथाकार आणि नियतकालिके

नवोदित विज्ञानकथाकाराला नियतकालिकांची वाट कशी खुली होते, यादृष्टीने १९७४मधील एक उदाहरण उद्बोधक आहे. मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेसाठी जयंत विष्णू नारळीकर यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने पाठविली. आपल्या आद्याक्षरांचा क्रम उलटवून त्यांनी हे नाव योजिले होते. हस्ताक्षर ओळखले जाऊ नये म्हणून प्रत पत्नीने लिहिली. कथेस प्रथम पारितोषिक मिळाले. खगोलशास्त्रज्ञ म्हणून ख्यातकीर्त असलेले नारळीकर कथाकार म्हणून मात्र नवोदितच होते.

संपादकाच्या टेबलावर बहुधा आधी नाव वाचले जाते, मग कथा. स्पर्धेत हा क्रम उलटतो. अपरिचित लेखकास पारितोषिक संपादकाकडे शिफारसपत्र ठरते, आणि तेही केवळ कथेच्या बळावर मिळविलेले.