नव्या क्लचप्लेटनंतरची थरथर

उसाचा हंगाम तोंडावर आला, की श्रीरामपूर-कोपरगावकडे ट्रक गॅरेजात शिरतात. क्लचप्लेट बदललेली गाडी नगर-मनमाड रस्त्याला लागते आणि साठच्या वेगाला केबिन थरथरू लागते. (खड्ड्यांना दोष देऊ नका, तो वेगळा विषय!) काम क्लचचं, मग ही थरथर कुठली?

वाहनांच्या चाचण्यांसाठी नगरला ‘व्हीआरडीई’सारखी मोठी संस्था आहे; आपल्याला एक साधी परीक्षा पुरे. गाडी उभी करा, न्यूट्रलमध्ये इंजिन साठच्या वेगाला फिरतं तेवढंच रेस करा. थरथर आली तर संशय इंजिन-क्लचवर. नाही आली तर गिअरबॉक्सच्या मागे बघा.

क्लचसाठी गिअरबॉक्स उतरवताना, त्याच्यापासून मागच्या चाकांकडे जाणारा प्रॉपेलर शाफ्ट सोडावाच लागतो. खरी गोम इथेच असते. शाफ्टच्या टोकांना क्रॉस असतात. तिरक्या कोनात फिरताना पुढचा क्रॉस शाफ्टला प्रत्येक फेऱ्यात दोनदा पुढे ढकलतो, दोनदा मागे खेचतो. मागचा क्रॉस नेमकं उलट करून हिशेब मिटवतो. जात्यावर समोरासमोर बसलेल्या दोघींसारखं: एक ओढते तेव्हा दुसरी लोटते, म्हणून जातं एकसारखं फिरतं. पण त्यासाठी शाफ्टच्या दोन्ही टोकांचे, क्रॉस धरणारे काटे एका रेषेत हवेत. शाफ्टमधला दातांचा सांधा पुन्हा बसवताना एखादा दात चुकला, की दोघींचा ताल बिघडतो.

जुळणीचे बाण बहुधा शाफ्टवरच असतात, ग्रीसखाली दडलेले. तरीही शाफ्ट सोडण्याआधी मेस्त्रींना सांध्यावर पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढायला सांगा.