नवोदित खेळाडूंचा ड्राफ्ट (सिम्युलेशन बेसबॉल)

नवोदित खेळाडूंचा ड्राफ्ट ही सिम्युलेशन बेसबॉलच्या लीगमध्ये दरवर्षी होणारी खेळाडूंच्या वाटपाची प्रक्रिया आहे. मैदानावर न उतरता, कार्डे व फासे यांच्या किंवा संगणकाच्या साहाय्याने खेळल्या जाणाऱ्या बेसबॉलला सिम्युलेशन बेसबॉल म्हणतात. अशा लीगमध्ये प्रत्येक सहभागी व्यक्ती एका संघाचा कारभार पाहते, आपले खेळाडू वर्षानुवर्षे राखून ठेवते आणि नव्याने उपलब्ध झालेले खेळाडू ठरलेल्या क्रमाने निवडून घेते. या निवडीपूर्वी उपलब्ध खेळाडूंच्या गुणदोषांचे जे विवेचन केले जाते, त्याला निवडपूर्व आढावा म्हणता येईल. येत्या मोसमात लगेच उपयोगी पडेल असा खेळाडू घ्यावा, की आज दुबळा दिसणारा परंतु पुढे मोठा होण्याची शक्यता असलेला खेळाडू घ्यावा, हा या आढाव्यातील मध्यवर्ती प्रश्न असतो.

पार्श्वभूमी

खेळाडूंच्या प्रत्यक्ष कामगिरीवरून कार्डे तयार करून बेसबॉल खेळण्याची कल्पना अमेरिकेत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रुजली. क्लिफर्ड व्हॅन बीक यांचा 'नॅशनल पास्टाइम' हा या प्रकारच्या आरंभीच्या खेळांपैकी एक होय. त्याच धर्तीवर जे. रिचर्ड साइट्झ यांनी इ.स. १९५१ मध्ये पेनसिल्व्हेनियातील लँकेस्टर येथून 'एपीबीए' हा खेळ विक्रीस आणला. इ.स. १९६१ मध्ये हॅल रिचमन यांचा 'स्ट्रॅट-ओ-मॅटिक' बाजारात आला. संगणकाच्या प्रसारानंतर याच परंपरेतून संगणकीय खेळ निर्माण झाले. मार्कुस हाइन्सोन यांचा 'आउट ऑफ द पार्क बेसबॉल' इ.स. १९९९ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाला.

ड्राफ्टची पद्धत मात्र प्रत्यक्ष व्यावसायिक खेळातून आली. मेजर लीग बेसबॉलने इ.स. १९६५ मध्ये हौशी खेळाडूंचा ड्राफ्ट सुरू केला. त्यात कॅन्सस सिटी अ‍ॅथलेटिक्स संघाने रिक मंडे यांची पहिली निवड केली. त्यापूर्वी होतकरू तरुणांना करारबद्ध करण्यात श्रीमंत संघांची सरशी होत असे. मागील मोसमातील सर्वांत दुबळ्या संघाला पहिली संधी देऊन ही विषमता कमी करणे, हा ड्राफ्टचा एक हेतू होता. भारतीय वाचकांच्या परिचयाच्या आयपीएलच्या लिलावाहून ही पद्धत वेगळी आहे. लिलावात खेळाडू कोणाकडे जाईल हे बोलीच्या रकमेवर ठरते, तर ड्राफ्टमध्ये ते निवडीच्या क्रमावर ठरते.

लीगचे दोन प्रकार

नवोदित खेळाडू कोठून येतात, यावरून सिम्युलेशन लीगचे ढोबळमानाने दोन प्रकार पडतात.

पहिल्या प्रकारात खेळाडू खरे असतात. मेजर लीगचा मोसम संपल्यावर त्या मोसमातील कामगिरीवरून नवी कार्डे तयार होतात. ज्यांचे कार्ड प्रथमच निघाले आहे असे खेळाडू त्या वर्षीच्या ड्राफ्टसाठी उपलब्ध होतात. येथे एका वर्षाचे अंतर कायम राहते, हे ध्यानात घेणे आवश्यक आहे. लीगचा येता मोसम गतवर्षीच्या कामगिरीवर खेळला जातो. त्यामुळे नवोदिताचे पहिले कार्ड कसे आहे हे सर्वांना आधीच ठाऊक असते. अज्ञात असते ते त्यापुढचे प्रत्येक कार्ड.

दुसऱ्या प्रकारात खेळाडू काल्पनिक असतात. संगणक दरवर्षी तरुण खेळाडूंचा नवा गट निर्माण करतो आणि प्रत्येकाची सद्यःक्षमता व संभाव्य क्षमता अंकांत मांडतो. त्यासाठी प्रत्यक्ष बेसबॉलमधील पारख्यांची २० ते ८० ही मोजपट्टी वापरता येते. तीत ५० हा अंक मेजर लीगमधील सरासरी खेळाडूचा मानला जातो. मात्र दिसणारे अंक हे पारख्यांचे अंदाज असतात व ते चुकू शकतात. शिवाय दुखापत किंवा खुंटलेली प्रगती यांमुळे संभाव्य क्षमता प्रत्यक्षात उतरेलच असे नाही.

निवडीचा क्रम

लीगची स्थापना होताना सर्व खेळाडू प्रथमच वाटले जातात. तेव्हा बहुधा नागमोडी क्रम वापरला जातो. पहिल्या फेरीत शेवटी निवड करणारा संघ दुसऱ्या फेरीत सर्वांत आधी निवड करतो, म्हणजे कोणावर अन्याय होत नाही. वार्षिक ड्राफ्टमध्ये मात्र दुबळ्या संघाला साहाय्य करणे हाच उद्देश असल्याने सामान्यतः प्रत्येक फेरीत गुणतक्त्याच्या उलट क्रम पाळला जातो. अनेक लीगमध्ये निवडीच्या हक्कांची देवाणघेवाण करण्याची मुभा असते. त्यामुळे एखादा संघ आजचा अनुभवी खेळाडू देऊन पुढील वर्षाची पहिल्या फेरीतील निवड मिळवू शकतो.

आढाव्यातील निकष

पात्रता : मेजर लीगच्या नियमांनुसार १३० हून अधिक अधिकृत फलंदाजी-संधी घेतलेला फलंदाज, ५० हून अधिक डाव टाकलेला पिचर किंवा मुख्य संघात ४५ हून अधिक दिवस राहिलेला खेळाडू पुढील मोसमात नवोदित गणला जात नाही. सिम्युलेशन लीगला हाच नियम पाळण्याचे बंधन नसते. काही लीग हीच मर्यादा स्वीकारतात, तर काही पहिले कार्ड हीच कसोटी मानतात. या फरकामुळे एकच खेळाडू दोन लीगमध्ये दोन निरनिराळ्या वर्षी उपलब्ध होऊ शकतो.

खेळण्याची मर्यादा : थोडेच सामने खेळलेल्या खेळाडूचे कार्ड कधीकधी अवास्तव चांगले असते. त्याचा गैरफायदा घेतला जाऊ नये म्हणून अनेक लीग प्रत्यक्ष मोसमात मिळालेल्या संधींच्या प्रमाणातच खेळाडूला खेळवू देतात. त्यामुळे आढाव्यात कार्डाच्या दर्जाबरोबर ते किती वेळा वापरता येईल, याचाही विचार होतो.

कार्डाची घडण : स्ट्रॅट-ओ-मॅटिकमध्ये तीन फासे टाकतात. त्यांपैकी एका फाशावर १ ते ३ आल्यास फलंदाजाच्या आणि ४ ते ६ आल्यास पिचरच्या कार्डावरील स्तंभ पाहतात, तर उरलेल्या दोन फाशांच्या बेरजेने त्या स्तंभातील ओळ ठरते. म्हणजेच निम्म्या वेळा निकाल फलंदाजाच्या व निम्म्या वेळा पिचरच्या कार्डावरून लागतो. प्रगत खेळात डावखुऱ्या व उजव्या प्रतिस्पर्ध्यांविरुद्धची कामगिरी वेगवेगळी दाखवलेली असते. एकाच बाजूच्या पिचरविरुद्ध उत्तम खेळणारा नवोदित म्हणूनच संपूर्ण सरासरीवरून दिसतो त्यापेक्षा अधिक मोलाचा ठरू शकतो.

क्षेत्ररक्षण : याच खेळात क्षेत्ररक्षणाला १ ते ५ असे दर्जे दिलेले असून १ हा सर्वोत्तम होय. चेंडू वारंवार ज्याच्याकडे जातो अशा शॉर्टस्टॉपच्या जागी पहिल्या दर्जाचा खेळाडू असल्यास त्याची फलंदाजी बेताची असली तरी त्याला मागणी असते.

वय : समान कामगिरी केलेल्या दोन नवोदितांपैकी वीस वर्षांचा खेळाडू सव्वीस वर्षांच्या खेळाडूपेक्षा अधिक काळ सुधारत राहण्याची शक्यता असते. खेळाडू दीर्घकाळ राखता येत असलेल्या लीगमध्ये म्हणूनच वयाला विशेष महत्त्व असते.

संघाची गरज : अजिंक्यपदाच्या शर्यतीतील संघ लगेच वापरता येईल असे कार्ड शोधतो, तर नव्याने बांधणी करणारा संघ दोन-तीन वर्षे थांबू शकतो. त्यामुळे सर्व संघांना सारखीच लागू पडेल अशी गुणानुक्रमे यादी संभवत नाही.

उदाहरणे

माइक ट्राउट याने इ.स. २०११ मध्ये मेजर लीगमध्ये पदार्पण केले. त्या वर्षी १२३ संधींत त्याची सरासरी ०.२२० इतकीच होती. पहिले कार्ड हीच कसोटी मानल्यास तो त्याच हिवाळ्यात उपलब्ध ठरतो, आणि त्याला घेणाऱ्या संघाला येत्या मोसमात त्याचा फारसा उपयोग नसतो. परंतु इ.स. २०१२ मध्ये त्याने ०.३२६ च्या सरासरीने ३० होमरन काढले, ४९ बेस चोरले आणि अमेरिकन लीगच्या सर्वोत्कृष्ट नवोदिताचा पुरस्कार एकमताने मिळवला. एक मोसम कळ सोसणाऱ्याच्या हाती हे दुसरे कार्ड लागते. १३० संधींचा नियम पाळल्यास मात्र तो एक वर्ष उशिरा, सर्वांना त्याची योग्यता कळल्यानंतर, ड्राफ्टमध्ये येतो.

शेन स्पेन्सर याचे उदाहरण याच्या उलट आहे. इ.स. १९९८ मध्ये न्यूयॉर्क यांकीज संघाकडून त्याने केवळ ६७ संधींत १० होमरन काढले व ०.३७३ ची सरासरी राखली. ही सरासरी २५ यशस्वी फटक्यांची आहे. त्यांतील पाच फटके झेलले गेले असते, तर ती ०.२९९ वर आली असती. सहाशे संधी घेतलेल्या फलंदाजाचे पाच फटके कमी झाल्यास त्याची सरासरी जेमतेम ०.००८ ने घटते. अल्प संधींतील आकडे किती हलते असतात, हे यावरून स्पष्ट होते. स्पेन्सरला तो वेग पुढे कधीही टिकवता आला नाही.

संपूर्ण मोसमाची कामगिरीही भविष्याची हमी देत नाही. क्लीव्हलँडच्या जो शार्बनो याने इ.स. १९८० मध्ये ०.२८९ ची सरासरी व २३ होमरन यांच्या बळावर सर्वोत्कृष्ट नवोदिताचा पुरस्कार मिळवला. पुढील वर्षी सरावाच्या काळात त्याच्या पाठीला दुखापत झाली. त्याची मेजर लीगमधील संपूर्ण कारकीर्द २०१ सामन्यांत आटोपली. डेट्रॉइटचा पिचर मार्क फिड्रिच याने इ.स. १९७६ मध्ये १९ सामने जिंकले. दुखापतींमुळे उर्वरित कारकिर्दीत त्याला आणखी केवळ १० विजय मिळाले.

दुर्लक्षित खेळाडू मोठा झाल्याचे ठळक उदाहरण म्हणजे माइक पियाझा. मेजर लीगच्या इ.स. १९८८ च्या ड्राफ्टमध्ये त्याची निवड ६२ व्या फेरीत झाली होती. इ.स. १९९३ मध्ये तो नॅशनल लीगचा सर्वोत्कृष्ट नवोदित ठरला आणि इ.स. २०१६ मध्ये त्याला हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळाले.

न्याय्यतेचे प्रश्न

उलट क्रमामुळे दुबळ्या संघाला आधार मिळतो, तसा हेतुपुरस्सर हरण्याचा मोहही निर्माण होतो. मोसमाच्या उत्तरार्धात एखाद्याने चांगले खेळाडू बाकावर बसवून पराभव पत्करले, तर त्याच्याशी सामने असलेल्या संघांना फुकटचे विजय मिळतात व इतरांची शर्यत बिघडते. यावर उपाय म्हणून काही लीग किमान विजयांची अट घालतात, तर काही अंतिम फेऱ्यांत न पोहोचलेल्या संघांमध्ये सोडत काढतात. मेजर लीगनेही पहिल्या सहा निवडींसाठी सोडतीची पद्धत स्वीकारली असून ती इ.स. २०२३ च्या ड्राफ्टपासून अमलात आली.

दुसरा प्रश्न आढावा लिहिणाऱ्याच्या तटस्थतेचा आहे. हौशी लीगमध्ये हे काम बहुधा सहभागी व्यवस्थापकांपैकीच एकजण करतो. स्वतःला हव्या असलेल्या खेळाडूचे मोल कमी दाखवण्याचा मोह त्याला होऊ शकतो. दुसरीकडे, असा आढावाच नसेल तर आकडेवारीचा अभ्यास करण्यास सवड असलेल्या जुन्या व्यवस्थापकांचे पारडे नेहमीच जड राहते आणि नवा सभासद पहिल्या निवडीचा हक्क हाती असूनही चुकीचा खेळाडू घेतो. सतत हरणारा सभासद लीग सोडून जातो व त्याच्या जागी नवा मिळणे कठीण होते. म्हणून सर्वांना समान माहिती मिळणे, हे निवडीच्या उलट क्रमाइतकेच लीगच्या टिकण्यासाठी आवश्यक असते.

साहित्यात

रॉबर्ट कूव्हर यांची 'द युनिव्हर्सल बेसबॉल असोसिएशन, इंक., जे. हेन्री वॉ, प्रॉप.' ही कादंबरी इ.स. १९६८ मध्ये प्रसिद्ध झाली. तिचा नायक हिशेबनीस असून स्वतः रचलेली काल्पनिक लीग फाशांवर चालवतो. त्याचा अत्यंत लाडका नवोदित पिचर डेमन रदरफर्ड फाशांच्या एका दानामुळे मैदानावरच मरण पावतो आणि नायकाला नियम पाळावे की मोडावे या पेचाला सामोरे जावे लागते.