हट्टाला चार चाकं

गाडी घ्यायला निघालेला माणूस आधी मायलेज विचारतो. पण नावाजलेल्या गाड्यांपैकी फारच थोड्या मायलेजमुळे नावाजल्या. आपल्याकडे राजहट्ट, स्त्रीहट्ट आणि बालहट्ट असे तीन हट्ट मोजतात. मोटारींच्या जगात त्यात कारखानदाराच्या हट्टाची भर पडते आणि तो बाकी तिघांना भारी पडतो.

माहेरी निघाली मोटार

ऑगस्ट 1888, जर्मनीतलं मानहाइम. कार्ल बेंझने तीन चाकांच्या मोटारीचं पेटंट घेऊन दोन वर्षं झाली होती, पण गिऱ्हाईक फिरकत नव्हतं. त्याची बायको बेर्था. या बाईने लग्नाआधीच आपल्या हुंड्याचा पैसा त्याच्या उद्योगात घातलेला. एके दिवशी पहाटे नवऱ्याला न सांगता तिने दोन मुलांना घेतलं, गाडी बाहेर काढली आणि थेट माहेर गाठायला निघाली. माहेर फोर्त्सहाइमला, शंभर किलोमीटरच्या वर. तेवढं अंतर त्याआधी मोटारीने कुणी कापलंच नव्हतं.

वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती तिने टोपीच्या पिनेने मोकळी केली. तारेचं आवरण गेलं, तिथे मोज्याचा बंद गुंडाळला. ब्रेक झिजले, तर चांभाराला गाठून त्यांवर चामडं ठोकून घेतलं. इंधन संपलं तेव्हा वीसलोख गावच्या औषधाच्या दुकानातून लिग्रॉइन घेतलं. हे डाग काढायच्या कामी येणारं द्रावण होतं. ते दुकान आज जगातला पहिला पेट्रोल पंप म्हणून मिरवतं. चढ आला की पोरं मागून गाडी ढकलत. या अनुभवावरून कार्लने गाडीत चढासाठी एक जास्तीचा गिअर बसवला. म्हणजे पहिली लांबची टेस्ट ड्राइव्ह बेर्थाची आणि पहिली तक्रारही तिचीच!

चढावरून आठवलं. अमेरिकेतली फोर्ड मॉडेल टी दीड कोटींच्या वर खपली, पण तिला पेट्रोलचा पंप नव्हता. टाकी सीटखाली, तिथून पेट्रोल आपल्या वजनाने इंजिनाकडे उतरायचं. टाकीत पेट्रोल कमी असलं आणि चढ उभा असला की इंजिन कोरडं पडे. मग लोक गाडी वळवून रिव्हर्समध्ये डोंगर चढत. आणि ती म्हणे फक्त काळ्या रंगात मिळायची! हे खरं आहे ते 1914 पासून पुढच्या अकरा-बारा वर्षांपुरतं. सुरुवातीला ती लाल, हिरवी, करडी अशी मिळे.

कलकत्त्याचा हंस

रॉबर्ट मॅथ्यूसन हा कलकत्त्यात राहणारा हौशी इंग्रज इंजिनिअर. त्याने 1910 मध्ये इंग्लंडातल्या ब्रूक कंपनीकडून एक मोटार बनवून घेतली. तिचा पुढचा भाग म्हणजे भलामोठा हंस. रात्री त्याचे डोळे पेटत. एक्झॉस्टवर वाजणारा भोंगा बाजाच्या पेटीसारखा, पट्ट्या दाबून वाजवायचा. रस्त्यावर गर्दी झाली की हंसाच्या चोचीतून गरम पाण्याचा फवारा उडायचा. एवढ्यावर माणूस थांबला असता तरी चाललं असतं. पण मागच्या बाजूने रस्त्यावर चुन्याची निवळी टाकायचीही सोय केलेली; हंस आहे म्हटल्यावर शिटणारच! कलकत्त्याच्या रस्त्यांवर असा गोंधळ उडाला की पोलिसांनी गाडीला बंदी घातली. आता हा हंस नेदरलँड्समध्ये हेगच्या लाउमन संग्रहालयात विसावलाय. माझ्या मते जगातली सर्वात आचरट गाडी हीच, आणि म्हणूनच सर्वात लाडकी.

राजेरजवाड्यांचा विषय निघाला की एक गोष्ट हमखास ऐकायला मिळते. रोल्स रॉइसच्या दुकानात अपमान झाला म्हणून महाराजांनी गाड्या विकत घेतल्या आणि शहराचा कचरा उचलायला लावल्या. कुणी ती अलवारच्या नावावर सांगतं, कुणी भरतपूरच्या, कुणी हैदराबादच्या. गोष्ट झकास आहे, फक्त पुरावा विचारू नये.

रोल्स रॉइसच्या नाकावर उभ्या असलेल्या बाईची गोष्ट मात्र खरी आहे. ही मूर्ती 1911 मध्ये चार्ल्स साइक्स या शिल्पकाराने घडवली. तिच्यामागचा चेहरा एलिनॉर थॉर्नटनचा मानतात. ती लॉर्ड माँटेग्यू यांची सेक्रेटरी आणि त्यांची प्रेयसीही. 1915 च्या डिसेंबरात दोघे मुंबईकडे येणाऱ्या ‘पर्शिया’ बोटीवर होते. 30 तारखेला क्रीटजवळ जर्मन पाणबुडीने बोट बुडवली. माँटेग्यू वाचले, एलिनॉर गेली. मूर्ती अजून आहे. आताच्या गाड्यांत तर कुणी हात लावायला गेलं की ती आपोआप आत जाते. याच गाडीच्या दारात छत्री ठेवायची खास जागा असते. एवढे पैसे मोजल्यावर निदान भिजायला तरी होऊ नये!

मालकांचे रुसवेफुगवे

एत्तोरे बुगाटीने राजेलोकांसाठी ‘रॉयल’ काढली. जवळपास 13 लिटरचं इंजिन, सहा मीटरच्या वर लांबी, रेडिएटरवर मागच्या पायांवर उभा राहिलेला हत्ती. गाड्या बनल्या सात, गिऱ्हाइकांनी घेतल्या तीन आणि त्यांत राजा एकही नव्हता. उरलेल्या इंजिनांचं काय करायचं? बुगाटीने ती रेल्वेच्या डब्यांत बसवली. राजांसाठी केलेल्या इंजिनांवर मग फ्रान्सचे सामान्य प्रवासी हिंडले. तोट्यातून काढलेली इतकी देखणी वाट मी तरी दुसरी पाहिलेली नाही.

इटलीत फेरुचियो लँबोर्गिनी ट्रॅक्टर बनवून श्रीमंत झाला होता. तो स्वतः सांगे ती हकीकत अशी: आपल्या फेरारीच्या क्लचची तक्रार घेऊन तो एंझो फेरारीकडे गेला, तर ‘ट्रॅक्टरवाल्याने आम्हाला शिकवू नये’ अशा थाटाचं उत्तर मिळालं. मीठमसाला थोडा वजा केला, तरी 1963 मध्ये त्याने स्वतःची मोटार कंपनी काढली हे पक्कं. फेरारीवर घोडा, म्हणून यांच्यावर बैल. मालकाची रासही वृषभच. लँबोर्गिनी नावाचे ट्रॅक्टर अजून विकत मिळतात. मोटारींचा आणि ट्रॅक्टरांचा मालक मात्र आता वेगळा.

काटकसरीची कमाल

हट्ट फक्त श्रीमंतीचाच असतो असं नाही. सित्रोएन 2 सीव्हीची फर्माईश अशी होती: दोन शेतकरी, 50 किलो बटाटे आणि अंड्यांची टोपली घेऊन गाडीने नांगरलेल्या शेतातून जायचं, अंडं एकही फुटता कामा नये. फ्रान्स जर्मनांच्या ताब्यात गेला तेव्हा कंपनीने नमुन्याच्या गाड्या लपवून ठेवल्या. त्यांतल्या काही थेट 1990 च्या दशकात सापडल्या.

मिनी जन्मली ती सुएझच्या भांडणातून. 1956 मध्ये कालवा बंद पडला, ब्रिटनमध्ये पेट्रोलचं रेशनिंग आलं. अलेक इसिगोनिसने इंजिन आडवं बसवून दहा फुटांत चार माणसं कोंबली. आज छोट्या गाड्यांचं बॉनेट उघडलंत तर इंजिन बहुधा आडवंच दिसेल.

आपल्या नॅनोचं हिशोबीपण तर थक्क करणारं. गिरीश वाघ यांच्या पुण्यातल्या चमूने चाकाला चारऐवजी तीनच नट दिले, काचेला एकच वायपर, इंजिन मागे. 2008 मध्ये दिल्लीत ती समोर आली तेव्हा जगभर बातमी झाली. पुढे ‘सर्वात स्वस्त’ हे बिरूदच तिला भोवलं. रतन टाटांनीही नंतर तसं बोलून दाखवलं. स्कूटरवरून गाडीवर येणाऱ्याला गाडी हवी असते, स्वस्ताईचं सर्टिफिकेट नको असतं.

नवा साज

सोलापूरच्या वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीने कुर्ल्यात फियाट बनवली. सत्तरच्या दशकात तिची ‘पद्मिनी’ झाली, पण मुंबईने तिला फियाटच म्हटलं. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंद ऑक्टोबर 2003 मध्ये ताडदेव आरटीओत झाली आणि वीस वर्षांची मुदत संपताच 30 ऑक्टोबर 2023 पासून ती रस्त्यावरून गेली.

टाटा सिएरा 1991 ची, तीन दारांची. मागची काच छतापर्यंत वळलेली, दिसायला बेफाम. पण मागे बसणाऱ्याला ना स्वतंत्र दार, ना उघडणारी खिडकी, वर उन्हाचा मारा. 2025 च्या नोव्हेंबरात ती पाच दारांची होऊन परतली आणि वळलेल्या काचेच्या जागी काळ्या रंगाने तिचा आभास उभा केला. जुन्या चाहत्यांनी नाकं मुरडली. त्यांनी एकदा मे महिन्यात मूळ सिएराच्या मागच्या सीटवर बसून नागपूर गाठावं.

नाशकात बनणारी थारही 2024 मध्ये ‘रॉक्स’ म्हणून पाच दारांची झाली. दिसायला जीप, वागायला घरची गाडी, ही तडजोड मला पटते.

महागातली महाग गाडी कुठली, हे राहिलंच. 2022 मध्ये 1955 ची मर्सिडीज 300 एसएलआर उलेनहाउट कूपे 13.5 कोटी युरोंना विकली गेली, म्हणजे अकराशे कोटी रुपयांच्या घरात. अशा गाड्या बनल्या दोनच. इंजिनिअर उलेनहाउट त्यांतली एक कामावर जायला-यायला वापरत.

आणि हे फुकटातलं. पेट्रोलच्या काट्याजवळ पंपाचं छोटं चित्र असतं, त्याच्या बाजूला बाण. बाण ज्या दिशेला, टाकीचं झाकण त्या बाजूला. चुकीच्या बाजूने पंपावर लावल्याने पावसात भिजलेल्या फोर्डच्या जिम मॉयलन या इंजिनिअरने 1986 मध्ये ही सूचना केली होती. पुढच्या वेळी मित्राची गाडी घेऊन निघालात, तर पंपावर वळण्याआधी तेवढा बाण बघा.