जुंपण्याआधीचं काम

पहाटे ५. व्हरमाँटमधला फेब्रुवारी, बाहेर उणे पंधरा. घोड्याकडून जंगलात ओंडके ओढून घ्यायचं काम शिकायला आलेल्या माणसाच्या हाती सुरुवातीला गवत आणि बादली एवढंच पडतं. पर्शेरॉन जातीचा घोडा सात-आठशे किलोचा, पुष्कळदा त्याहूनही भारी. त्याला रोज पंधरा किलोच्या आसपास सुकं गवत आणि चाळीस-पन्नास लिटर पाणी लागतं. कडाक्याच्या थंडीत घोडे गार पाणी कमी पितात, आणि पाणी कमी पडलं की सुकं गवत आतड्यात अडून पोटशूळ उठू शकतो. म्हणून पाणी जरा कोमट करायचं आणि बादली किती खाली गेली हे बघायचं. आधी गवत, चंदी मागाहून. जठर लहान असल्यामुळे घोडा थोडंथोडंच पण सतत खातो, तेव्हा कामाआधी त्याला निवांत वेळ द्यावाच लागतो. यंत्रवाल्याने किल्ली फिरवली की झालं. इथे दोन तास आधी उठायचं, आणि रविवारीही उठायचं. हे ज्याला जाचतं त्याने इथूनच परतावं, त्यात काही कमीपणा नाही.

६.१५. खरारा. तो घोडा देखणा दिसावा म्हणून करत नाहीत. गळपट्टा बसतो तिथे कालच्या घामाची खपली किंवा एखादी काडी राहिली, तर दुपारपर्यंत खांदा सोलवटतो आणि आठवडाभर तो घोडा कामातून जातो. टापा उचलून नाल बघायचे. बर्फावर पाय घसरू नयेत म्हणून हिवाळ्याच्या नालांना टोकदार खुंट्या असतात, त्यातली एखादी झिजली किंवा पडली तर आजच कळायला हवं.

मग साज. सगळी ओढ गळपट्ट्यावर येते, त्यामुळे शिकाऊच्या हातून उस्ताद तो रोज तपासून घेतो. घोड्याने मान सरळ धरली असताना गळपट्ट्याच्या खालच्या कडेत आडवा पंजा सरकला पाहिजे. अजिबात सरकला नाही तर श्वासनळी दाबली जाते. फार सैल सरकला तर पट्टा हलतो आणि घासतो. हिवाळ्यात घोडा अंगाने उतरला की हे माप बदलतं, म्हणून एकदा बघून भागत नाही. शेवटी लगाम. गोठलेली लोखंडी कडी तशीच तोंडात दिली तर जिभेला चिकटते, कातडी निघते. उस्ताद ती कडी कोटाच्या आत काखेत धरून ठेवतो आणि तोवर उगाच घोड्याशी बोलत राहतो. नंतर तळव्यावर टेकवून बघतो, मगच तोंडापुढे नेतो.

७.३०. जंगलाची वाट. ‘जी’ म्हणजे उजवीकडे, ‘हॉ’ म्हणजे डावीकडे, ‘व्हो’ म्हणजे थांब. तिसरा शब्द पक्का झाल्याशिवाय पहिले दोन शिकवण्यात अर्थ नाही. लगामाचे पट्टे हाताला कधीही गुंडाळायचे नाहीत. घोडा बुजला तर पट्टा सुटून जावा, माणूस फरफटत जाऊ नये.

८. घोडे बांधलेले, पाठीवर घोंगड्या. आता करवत. दिवसाचा मोठा तुकडा इथेच जातो आणि नवख्याची चुळबुळही इथेच सुरू होते, कारण त्याला घोडे हाकायचे असतात. पण घोड्याचं काम सोपं होणार की जीवघेणं, हे झाड कुठे पडतं त्यावर ठरतं. झाड वाटेला तिरकं पडावं आणि बुंध्याचं तोंड वाटेकडे असावं, म्हणजे ओंडका सरळ बाहेर निघतो, उभ्या झाडांच्या साली सोलत नाही. त्यासाठी ज्या बाजूला पाडायचं तिथे खाच घ्यायची, आणि खाचेमागे लाकडाची एक पट्टी न कापता राखायची. जाडीला बुंध्याच्या व्यासाच्या दहाव्या हिश्शाएवढी ही पट्टी बिजागरीसारखी काम करते आणि पडणाऱ्या झाडाला दिशा देते. ती कापली गेली तर झाड मन मानेल तिकडे जातं. अमेरिकेत जिवाला सर्वाधिक धोका असलेल्या धंद्यांत लाकूडतोड दरवर्षी अगदी वरच्या रांगेत असते आणि त्यातले बहुतेक जीव घोड्यापाशी जात नाहीत, झाडापाशी जातात. शिकाऊने घोडा घेण्याआधी तोडीचं रीतसर शिक्षण घ्यावं असं मी म्हणेन.

कोणतं झाड तोडायचं, हीही विद्याच. इथे बीचच्या सालीवर आधी खवले कीड बसते आणि मागोमाग बुरशी येते. अशी रोगट, वाकडी, दाटीत दबलेली झाडं आधी काढायची आणि चांगला मेपल वाढायला ठेवायचा. घोड्याला दोन झाडांमधून वाट काढता येते, म्हणून अशी वेचक तोड परवडते. अनेक टनांचं यंत्र आत न्यायचं तर त्याला रुंद रस्ता लागतो, आणि ओल्या जमिनीत ते चाकोऱ्या पाडून मुळं चेपतं.

११. ओढ. सोळा इंच व्यासाचा, बारा फुटी ओला मेपल चारशे किलोच्या वर भरतो. तो रात्रभर बर्फात पडला असेल तर खाली चिकटतो. पीव्ही नावाचा लांब दांडा असतो, टोकाला खिळा आणि बाजूला हलता आकडा. मेन राज्यातल्या जोसेफ पीव्ही या लोहाराने १८५० च्या दशकात तो घडवला. त्या दांड्याने ओंडका आधी हलवून सोडवायचा, साखळीचा फास बुंध्याला असा घालायचा की ताण येताच ओंडका जरा लोळेल, आणि घोड्याला थोडं तिरकं काढायचं. थोड्या क्षणांपुरता घोडा एका हॉर्सपॉवरच्या दहापटीहून जास्त जोर लावू शकतो आणि मागितलात तर देतोही. धोका त्यातच आहे. दोन-चार वेळा जीव तोडून ओढूनही ओंडका हलला नाही, तर तो पुढच्या वेळी जोर लावतच नाही. अडेल घोडे बहुधा असेच घडवलेले असतात.

सगळं जुळलं की शंभर मीटरची ओढ दोन मिनिटांत संपते. तीन तासांच्या खटपटीपुढे ही दोन मिनिटं नवख्याला फारच कमी वाटतात. उस्तादाला ती कमी असल्याचाच आनंद असतो.

१२.३०. घोड्यांना गवत, माणसांना डबा. जनावराकडून लाकूड ओढून घेणं आपल्यालाही नवं नाही: गडचिरोलीच्या सागवानी जंगलात लाकूड ओढायला वनखात्याने हत्ती वापरले, कमलापूरचे हत्ती त्याच परंपरेतले. इकडे मेनच्या अल्विन लोम्बार्डने १९०१ मध्ये साखळीपट्ट्यांवर चालणाऱ्या वाफेच्या ओढयंत्राचं पेटंट घेतलं, आणि घोड्यांचे मोठे तांडे हळूहळू जंगलातून बाहेर पडू लागले. आज घोडेवाला टिकतो तो यंत्र आणणं परवडत नाही अशा लहान रानांत, आणि जमिनीला जपणाऱ्या मालकांच्या भरवशावर. पैसा बेताचाच. तरुण, देखणी जोडी घेऊन सुरुवात करायचा मोह होतो. तो आवरावा. नव्या माणसाला वय झालेला, कामात मुरलेला घोडा हवा. पहिली एक-दोन वर्षं तोच शिकवतो.

१.१५. दुपारी उताराची बाजू. गोठलेल्या वाटेवर ओंडका घसरून घोड्याच्या टाचांवर येऊ शकतो, म्हणून ओंडक्याच्या पुढच्या टोकाला जादा साखळी गुंडाळून घर्षण वाढवतात आणि वाटेवर गवत टाकतात. माणसाने चालायचं ते चढाच्या अंगाने, कारण ओंडका लोळला तर खाली लोळतो. साखळी आणि घोडा यांच्यामध्ये पाय नाही म्हणजे नाही. चढावर घोडा थांबला तर हाकायचा नाही. बरगड्यांची धाप बसेपर्यंत आपणही थांबायचं.

३. सूर्य पाचच्या सुमाराला मावळतो, पण उस्ताद आत्ताच साखळ्या गोळा करतो. घामेजलेलं जनावर उणे तापमानात उभं करायचं नाही, चालवत आणायचं, पुसायचं, मग घोंगडी. साज उतरला की खांद्यांवरून उघडा तळवा फिरवायचा. गरम लागलेली जागा म्हणजे उद्याची जखम.

५.३०. ओंडक्यांची मोजणी, वहीत नोंद, करवतीच्या साखळीला कानस. गिरणीच्या ट्रकवाल्याला फोन.

रात्री ९. शेवटचं गवत, पुन्हा पाणी. डावीकडच्या घोडीच्या मागच्या नालाचा एक खिळा सैल निघाला आहे. नालबंद उद्या दुपारी येईल म्हणतो. त्यामुळे उद्या जोडी ठाणावरच. शिकाऊला दिवसभर करवत आणि वाट साफ करणं आहे, आणि पहाटे ५ ला गवत तर आहेच.