मनगटावरची नाडी

भाईंदरला खाडीकाठी सकाळी फिरावयास येणाऱ्या मंडळींत मनगटाकडे वारंवार पाहणारे आता पुष्कळ दिसतात. ते वेळ पाहत नसतात; हृदयाचे ठोके पाहत असतात. नाडीपरीक्षा ज्याच्या त्याच्या हाती आली ही गोष्ट चांगलीच आहे. परंतु हे यंत्र काय पाहते आणि काय पाहू शकत नाही, हे जाणून घेतल्यावाचून त्याच्यावर विसंबणे बरे नव्हे.

चालत्याफिरत्या माणसाच्या हृदयाचा विद्युत्-आलेख रेडिओने पाठविण्याची युक्ती अमेरिकेतील नॉर्मन हॉल्टर यांनी १९४७ च्या सुमारास साधली. ते यंत्र पाठीवर बांधावे लागे आणि त्याचे वजन सुमारे ३८ किलो होते! एवढे ओझे घेऊन व्यायाम करणाऱ्याचे हृदय धडधडले नसते तरच नवल. पुढे १९८२ मध्ये फिनलंडच्या पोलर कंपनीने बिनतारी मनगटी यंत्र आणले.

छातीचा पट्टा हृदयातील विद्युत्-स्पंदन टिपतो. घड्याळाची रीत निराळी. त्याच्या पाठीतून हिरवा प्रकाश त्वचेवर पडतो. रक्त हा प्रकाश शोषून घेते. प्रत्येक ठोक्यासरशी मनगटात रक्त वाढले, की परत येणारा प्रकाश किंचित मंदावतो. हे मंदावणे घड्याळ मोजते. म्हणूनच पट्टा सैल असला, हात हिसडला किंवा त्वचेवर गोंदण असले, तर हिशेब चुकतो. कधी कधी तर ते पावलांचीच लय नाडी म्हणून सांगते. आरामात चालताना १६० आकडा दिसला, तर थांबावे, अंगठ्याच्या बाजूस मनगटावर दोन बोटे ठेवून अर्धा मिनिट ठोके मोजावेत व दुप्पट करावेत.

२२० मधून वय वजा करावे, असा एक ठोकताळा आहे. पन्नाशीच्या गृहस्थास १७० येतात; झपाझप चालताना त्याच्या ५० ते ७० टक्के, म्हणजे ८५ ते ११९ ठोके असावेत. पण ही सरासरी आहे. माणसामाणसांत दहाबारा ठोक्यांचा फरक सहज पडतो. रक्तदाबावरील काही औषधे तर नाडी मुळातच मंद ठेवतात. अशांनी बोलता येते पण गाता येत नाही, एवढ्या वेगाने चालावे.

आता खरी महत्त्वाची गोष्ट. हृदयविकाराचा झटका म्हणजे हृदयाला रक्त पुरविणारी वाहिनी तुंबणे. त्या वेळी नाडी अगदी नेहमीसारखीही असू शकते! हिरव्या प्रकाशाला ती वाहिनी दिसत नाही. २०१८ पासून आलेख काढणारी घड्याळेही मिळतात. ती अनियमित ठोके ओळखण्यास उपयोगी आहेत, पण हृदयाकडे एकाच बाजूने पाहतात. इस्पितळातील आलेख बारा बाजूंनी पाहतो. तेव्हा उत्तनचा चढ चढताना किंवा स्टेशनच्या जिन्यावर छाती आवळली, कळ डाव्या हातात वा जबड्यात गेली, दरदरून घाम फुटला, तर घड्याळ पाहत बसू नये. १०८ ला दूरध्वनी करावा. मधुमेह्यास कधी कधी वेदना न होता नुसती धापच लागू शकते, हेही घरच्यांनी ध्यानात ठेवावे.

मग घड्याळाचा उपयोग कोणता? क्लीव्हलंडच्या संशोधकांनी १९९९ मध्ये दाखविले, की व्यायाम थांबवल्यावर पहिल्या मिनिटात नाडी १२ किंवा त्याहून कमी ठोक्यांनीच उतरली, तर अशा लोकांत पुढील सहा वर्षांतील मृत्यूचे प्रमाण अधिक होते. हा उतार घड्याळात सहज नोंदता येतो. वहीत लिहून ठेवावा व डॉक्टरांना दाखवावा. मात्र एका दिवसाच्या आकड्याने घाबरू नये. अपुरी झोप, ताप किंवा आपल्याकडचा मे महिन्यातला दमट उकाडा, यांनीही नाडी चढते.