महाविद्यालयीन फुटबॉलपटू व त्यांचे मानसन्मान

आंतरशालेय सामन्यांचे दिवस जवळ आले म्हणजे एखादे पालक येऊन विचारतात, "गुरुजी, चेंडू लाथाडून पोराचें पुढें काय व्हावयाचें?" प्रश्न रास्त आहे. ज्या घरीं फीचे पैसे पोटाला चिमटा घेऊन जमवावे लागतात, त्या घरीं तो उद्भवणारच. त्याचें उत्तर उपदेशानें न देतां कांहीं खेळाडूंच्या वृत्तांतावरून देण्याचें योजिलें आहे.

प्रथम मानसन्मानाचें स्वरूप पाहूं. भारत सरकारनें १९६१ सालीं अर्जुन पुरस्कार सुरू केला, व त्याच वर्षीं फुटबॉलसाठीं तो प्रदीपकुमार बॅनर्जी यांस मिळाला. हा पुरस्कार एखाद्या गोलाबद्दल मिळत नसतो. कांहीं वर्षांचा सतत उत्तम खेळ, आणि त्याजबरोबर नेतृत्व, खिलाडूवृत्ति व शिस्त हे गुण त्यांत पाहिले जातात.

१९६३ सालीं हा मान चुनी गोस्वामी यांस लाभला. कलकत्ता विद्यापीठांत असतां त्यांनीं फुटबॉल व क्रिकेट या दोन्ही खेळांत विद्यापीठाच्या संघाचें नेतृत्व केलें होतें. १९६२ सालीं जाकार्ता येथील आशियाई सामन्यांत त्यांच्या नेतृत्वाखालीं भारतानें दक्षिण कोरियाचा २-१ असा पराभव करून सुवर्णपदक मिळविलें. पुढें १९७१-७२ च्या हंगामांत रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यांत मुंबईविरुद्ध बंगालचे क्रिकेट कर्णधारही तेच होते. १९८३ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली.

आपल्या भागाकडे वळूं. मूळचे गोमंतकीय व मुंबईच्या टाटा संघाचे खेळाडू नेव्हिल डिसोझा यांनीं १९५६ सालीं मेलबर्न ऑलिंपिकमध्यें यजमान ऑस्ट्रेलियावर एकाच सामन्यांत तीन गोल केले. भारत ४-२ असा विजयी होऊन स्पर्धेंत चौथा आला. त्या वेळीं अर्जुन पुरस्कार अस्तित्वांतच नव्हता. गोव्याचे गोलरक्षक ब्रह्मानंद संखवाळकर यांस तो १९९७ सालीं, म्हणजे भारताचें कर्णधारपद सोडल्यावर दहा वर्षांहून अधिक काळानें, मिळाला; पद्मश्री तर २०२२ सालीं मिळाली. मुलींनींही हें ध्यानांत ठेवावें, कीं शांति मल्लिक यांनीं १९८३ सालींच फुटबॉलमधील अर्जुन पुरस्कार मिळविला आहे.

परंतु ज्यांचा वृत्तांत आम्हांस सर्वांत बोधप्रद वाटतो, त्यांचें नांव अर्जुन पुरस्काराच्या यादींत नाहीं. तालिमेरेन आओ हे नागा प्रदेशांतील एका बाप्तिस्त पाळकाचे पुत्र. मुलानें डॉक्टर होऊन आपल्या लोकांची सेवा करावी, अशी वडिलांची इच्छा होती. १९३५ सालीं विषमज्वरानें वडील निवर्तले. पुत्र कलकत्त्यास वैद्यकीय शिक्षण घेऊं लागला व मोहन बागान संघांतून खेळूं लागला. १९४८ सालीं लंडन ऑलिंपिकमध्यें स्वतंत्र भारताच्या पहिल्या फुटबॉल संघाचे ते कर्णधार होते. संघांतील बहुतेक खेळाडू अनवाणी होते. फ्रान्सविरुद्ध पेनल्टीच्या दोन संधि हुकल्या आणि सामना २-१ असा गमावला. तरी प्रेक्षकांनीं त्यांची वाखाणणी केली. दोन वर्षांनीं आओ डॉक्टर झाले. कीर्ति कलकत्त्यास होती. ते मात्र आपल्या डोंगरांत परतले, आणि पुढें नागालँडच्या आरोग्यखात्याचे संचालक झाले.

आतां पालकांच्या प्रश्नाकडे येऊं. खेळानें पोट भरेल असें वचन आम्ही देत नाहीं. शंभरांतल्या नव्याण्णवांस कोणताही पुरस्कार मिळावयाचा नाहीं. पण सायंकाळीं तासभर मैदानावर घाम गाळून रात्रीं दिव्यापाशीं बसणारा मुलगा वेळेची किंमत व सोबत्यावर भिस्त ठेवणें शिकतो. हें शिक्षण पुस्तकांत मिळत नाहीं. ज्या नालवाडींत विनोबांच्या सहवासांत चर्मालय उभें राहून कातडें कमावण्याच्या धंद्यास प्रतिष्ठा मिळाली, तेथील मुलांस कातडी चेंडूचें वावडें कां असावें?

संत पौलानें करिंथकरांस लिहितांना खेळाडूंच्या नाशवंत मुगुटाचा दाखला दिला आहे. विद्यार्थिमित्रांनो, तो मुगुट मिळविण्यासाठीं अवश्य झटा. पण सामना संपल्यावर तुमच्या हातून कोणाची सेवा घडणार, हें आजच मनाशीं ठरवून ठेवा.