शेतकऱ्याच्या घरचीं सुतारी हत्यारें : आधीं धार, मग यंत्र

शेतकऱ्याचें घर म्हणजे एक लहानसा कारखानाच होय. नांगराची मूठ ढिली होणें, कुळवाची दांडी तडकणें, कुदळीचा दांडा मोडणें, गोठ्याची फळी निखळणें, असें कांहींना कांहीं दर आठवड्यास घडतच असतें. पूर्वीं गांवचा सुतार बलुत्यावर हीं कामें करीत असे. आज बहुतेक गांवांतून तो बलुतेदार राहिलेला नाहीं. त्याचीं मुलें तालुक्याच्या गांवीं दारें, खिडक्या व कपाटें करण्यांत गुंतलीं आहेत, आणि त्यांत त्यांचा कांहीं दोष नाहीं. तेव्हां किरकोळ सुतारकाम शेतकऱ्यानें स्वतःच करावें, हें ओघानेंच आलें. परंतु बाजारांत विजेचीं हत्यारें मुबलक मिळूं लागल्यामुळें पुष्कळजण प्रथम यंत्र विकत घेतात आणि जुन्या हत्यारांची पेटी माळ्यावर टाकतात. हा क्रम उलटा आहे, असें प्रस्तुत लेखकास स्वानुभवावरून वाटतें. तो अनुभव थोडक्यांत सांगतों.

महसूल खात्यांतील कारकुनी संपवून मी गांवीं राहावयास आलों, त्या पहिल्याच वर्षीं मृगाचा पाऊस चांगला झाला. जमिनीस वापसा आला आणि पेरणीस आरंभ करतांच तिफणीचा एक फण दिंडापाशीं मोडला. वडिलांची पेटी उघडून पाहिली, तों वाकसास गंज चढलेला, पटाशीची धार गेलेली, करवतीचे दांत झिजलेले. घरांत लोखंड घासण्याचें विजेचें हातयंत्र होतें. त्यास लांकूड कापण्याचें दातेरी पातेंहि बाजारांत मिळतें. तें मी बसविलें, बाभळीचा तुकडा पायाखालीं दाबला आणि कापूं लागलों. पातें लांकडांत अडकलें, यंत्र उसळलें आणि माझ्या डाव्या तर्जनीवर आलें. बोट वांचलें, पण तें आजहि पुरतें मिटत नाहीं. दवाखान्यांत चार दिवस गेले. तोंवर पावसाची झड लागली व पेरणी पंधरा दिवस लांबली. धार लावलेली एक करवत व एक पटाशी घरांत असती, तर तें काम दोन तासांचें होतें.

असें कां झालें, हें समजून घेणें अगत्याचें आहे. या यंत्राची चकती मिनिटास सुमारें ११,००० फेरे घेते. तें यंत्र कण कण घासून नेणाऱ्या चकतीसाठीं केलेलें आहे. दातेरी पातें घासत नाहीं, तें चावा घेतें. कापतांना लांकडाची फट किंचित् मिटली, कीं पातें चिमटलें जातें आणि त्याची सारी गति यंत्रास मागें, म्हणजे माणसाच्या अंगावर फेंकते. म्हणून त्या यंत्रास लांकडाचें दातेरी पातें कधींहि बसवूं नये. दुकानदार तें विकतो म्हणून तें योग्य ठरत नाहीं.

आतां घरांत प्रथम काय असावें, तें पाहूं. एक आडवें कापण्याची करवत, एक वाकस, एक रंधा, अर्ध्या व एक इंच रुंदीच्या दोन पटाशा, भोंकें पाडण्यास गिरमिट किंवा हातसामता, काटकोन पाहण्यास गुण्या, एक हातोडा व लांकडी मोगरी, करवतीसाठीं तिकोनी कानस, आणि एका बाजूनें जाड व दुसऱ्या बाजूनें बारीक असा धारेचा दगड, एवढीं हत्यारें पुरेशीं आहेत. याखेरीज लांकूड घट्ट आवळून धरणारा एक शेगडा अवश्य घ्यावा व तो जड मेजास पक्का बसवावा. पायानें लांकूड दाबून काम करण्याची संवय आपणां सर्वांसच आहे. परंतु लांकूड हललें नाहीं तर हत्यार निसटत नाहीं, आणि दोन्ही हात कामास मोकळे राहतात.

ह्या सर्वांत महत्त्वाचा तो धारेचा दगड. बोथट हत्यारास जोर लावावा लागतो, आणि जोर लावलेलें हत्यार निसटलें म्हणजे हातांत शिरतें. चांगल्या धारेच्या पटाशीस हलका हात पुरतो.

पटाशीस धार लावतांना प्रथम तिची सपाट पाठ दगडावर पूर्ण टेंकवून घासावी. टोंकाजवळील पाव-अर्धा इंच भाग आरशासारखा एकसारखा झाला पाहिजे. कारण धार म्हणजे पाठ व उतार या दोन पृष्ठांची भेट होय, आणि एक पृष्ठ खडबडीत असेल तर धारहि खडबडीतच होणार. नंतर उताराचा कोन पाहावा. हलक्या तासणीस २५ अंश व ठोकून खांच पाडण्यास ३० अंश असा कोन ठेवावा. कोन मोजण्याचें साधन नसल्यास एक सोपी खूण आहे. उताराची रुंदी पात्याच्या जाडीच्या बरोबर दुप्पट असेल तर कोन ३० अंश होतो, आणि सुमारें दोन व एकतृतीयांश पट असेल तर २५ अंश. कोन न बदलतां उतार आधीं जाड व मग बारीक दगडावर घासावा. पाठीकडे केसासारखी बारीक कड बोटास लागूं लागली, कीं धार टोंकापर्यंत पोंचली असें समजावें. मग पाठ सपाट ठेवून ती कड काढून टाकावी. आंब्यासारख्या मऊ लांकडाच्या आडव्या टोंकावर पटाशी चालवून पाहावी. कापलेला भाग गुळगुळीत व चकचकीत दिसला तर धार उत्तम आहे.

विजेच्या फिरत्या दगडावर धार लावणारांनीं एक गोष्ट विसरूं नये. पोलाद तापून निळें पडलें, कीं त्याचें पाणी उतरलें. साध्या पोलादाचें हें सुमारें ३०० अंश सेल्सिअसला घडतें, आणि पातळ धार इतकी तापण्यास कांहीं क्षणच लागतात. पाणी उतरलेल्या भागावर धार टिकत नाहीं. तो घासून काढून टाकण्यावांचून उपाय नाहीं. म्हणून जवळ पाण्याचें भांडें ठेवावें, हत्यार वारंवार बुडवावें व दगडावर दाबूं नये.

करवतीचे दांत एकआड एक उजवीकडे व डावीकडे किंचित् वांकविलेले असतात. त्यामुळें फट पात्याहून रुंद पडते व करवत अडकत नाहीं. ही फट पात्याच्या जाडीच्या दीडपटीहून अधिक नसावी. नाहींतर श्रम व लांकूड दोन्ही वायां जातात. उभें चिरण्याच्या करवतीचे दांत पटाशीसारखे सरळ घासावे, आडवें कापण्याच्या करवतीचे दांत चाकूसारखे तिरकस घासावे. एकच करवत घेणें असल्यास आडवी कापणारी, इंचास ८ ते १० दांतांची घ्यावी.

दांड्यांविषयीं दोन शब्द. धावडा, बाभूळ किंवा खैर यांचा, रेषा लांबीच्या दिशेनें सरळ जाणारा तुकडा निवडावा. झाड स्वतःच्या बांधावरचें असलें तरी साग, खैर, तिवस इत्यादि वृक्ष तोडण्यास १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याप्रमाणें आधीं परवानगी लागते, हें ध्यानांत असावें. लांकूड सावलींत वाळवावें. एक इंच जाडीस एक वर्ष, असा ढोबळ हिशेब आहे. ओलें लांकूड लांबींत जवळजवळ आटत नाहीं, पण रुंदींत आटतें, व म्हणूनच ओल्या दांड्यावरची कुऱ्हाड ढिली होते. ढिली कुऱ्हाड पाण्यांत बुडवून घट्ट करण्याची आपली रीत घातक आहे. फुगलेले तंतु लोखंडांत चिरडले जातात आणि वाळल्यावर कुऱ्हाड पूर्वींहून अधिक ढिली होते. त्याऐवजीं सुक्या लांकडाची पाचर मारावी. दांड्यास जवसाचें तेल लावावें. मात्र त्या तेलाच्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यांत टाकूं नये, त्या आपोआप तापून पेट घेऊं शकतात. त्या पसरून वाळवाव्या.

इतकें साधल्यावर यंत्राचा विचार करावा. पहिलें यंत्र भोंकें पाडण्याचें असावें, कारण तें सर्वांत उपयोगी व त्यांत धोका त्या मानानें थोडा. गोल करवतीचें यंत्र सर्वांत शेवटीं घ्यावें. त्याच्या पात्यावरील झांकण काढूं नये, व चिरण्यापूर्वीं लांकडांत खिळा नाहीं ना, हें पाहावें. यंत्रावर काम करतांना उपरणें, सैल बाह्या, कडें व आंगठी नको. फिरत्या पात्याजवळ हातमोजेहि नकोत, कारण ते बोटांसकट ओढले जातात. डोळ्यांस चष्मा व नाकातोंडास पट्टी असावी. लांकडाच्या धुरळ्याची गणना १९९५ सालीं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनें कर्करोग उत्पन्न करणाऱ्या पदार्थांत केली आहे. विजेचा दाब उतरलेला असतांना यंत्र ओढूं नये, मोटार तापून जळते. जमिनीशीं जोडलेली तार, आणि ३० मिलिअँपिअरच्या गळतीवर वीज तोडणारी कळ, या दोन गोष्टींवांचून ओल्या अंगणांत विजेचें हत्यार हातीं धरूं नये.

शेवटीं एका जुन्या कारकुनाची सूचना. घरांतील हत्यारांची एक वही करावी. कोणतें हत्यार केव्हां घेतलें, धार केव्हां लावली, शेजारीं कोणास दिलें व परत केव्हां आलें, हें तींत लिहावें. वैशाखांत एक दिवस काढून सर्व हत्यारांस धार लावावी, तेलाचा हात द्यावा, आणि तिफण, कुळव व जूं तपासून एक सुका फण तयार करून ठेवावा. मृगाचा पाऊस कोणासाठीं थांबत नाहीं. मी त्या वर्षीं हा एक दिवस वांचविला, आणि त्याचें मोल पंधरा दिवस व एक बोट असें भरलें. वाचकांस तें भरावें लागूं नये, एवढाच या लेखाचा हेतु आहे.